हिरडीच्या कडेपर्यंत

अमेरिकेतील कनेटिकट राज्याने १९१५ साली आपल्या दंतवैद्यक कायद्यात एक दुरुस्ती केली. तिचा आशय असा होता: परवानाधारक दंतवैद्याने हवे तर स्त्री-साहाय्यक नेमाव्यात, त्यांना 'डेंटल हायजिनिस्ट' म्हणावे, दातांच्या उघड्या पृष्ठभागांवरचे आणि हिरडीच्या मोकळ्या कडेच्या लगेच खालचे किटण, साठलेली पुटे आणि डाग त्यांनी काढावेत, मात्र दातांवर, तोंडात किंवा तोंडातल्या कोणत्याही रोगट भागावर याखेरीज दुसरी कोणतीही क्रिया त्यांनी करू नये.

आम्हांला हे कलम शरीररचनाशास्त्राच्या इतिहासातला एक महत्त्वाचा कागद वाटते. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचा बांध, तशी ही एका नव्या व्यवसायाची चतुःसीमा आहे आणि ती माणसाच्या तोंडात आखली आहे. बांध कोणता, तर हिरडीची कड. हा बांध एका जागी राहत नाही. हिरडी सुजली की कड वर चढते, आजाराने किंवा वयाने आक्रसली की मूळ उघडे पडते, आणि काल जो 'आतला' भाग होता तो आज 'उघडा पृष्ठभाग' होतो. शिवाय 'लगेच खाली' म्हणजे किती? निरोगी तोंडात दात आणि हिरडी यांच्यामधली खाच एक ते तीन मिलिमीटर खोल असते. विधिमंडळातल्या सभासदांनी या प्रश्नांत डोके घातले असेल असे वाटत नाही. पण ज्या बाईच्या हातात हत्यार होते तिला दिवसातून अनेकदा त्यांचे उत्तर बोटांनी द्यावे लागत होते.

त्यातून मोठा प्रश्न उभा राहतो. ज्या हाताने कडेपाशी थांबायचे आहे, त्या हाताच्या धनिणीला दाताची रचना किती ठाऊक असावी? जेवढे दिसते तेवढीच, की संपूर्ण? आज दातांची रचना शिकणाऱ्या हायजिनिस्टच्या विद्यार्थिनीला (आता विद्यार्थ्यालाही) दंतवल्क, दंतिन, सिमेंटम, दंतमज्जा, प्रत्येक दाताच्या मुळांची संख्या, त्यांवरच्या खोबणी हे सारे पाठ करावे लागते, तेव्हा 'आम्हांला तर फक्त दात स्वच्छ करायचे आहेत' असा वैताग तिच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या वैतागाला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की शिकवायला जे ज्ञान होते तेही फार जुने नव्हते. दातासारखी सहज हाती येणारी वस्तू शरीरात दुसरी नाही. ती पडते, काढली जाते, चितेच्या राखेतही मागे उरते. तरीही तिच्याकडे नीट पाहायला माणसाने फार वेळ घेतला. पुरुषांना स्त्रियांपेक्षा अधिक दात असतात असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले, आणि ते खोडण्यासाठी तोंड उघडायला लावण्यापलीकडे काही करावे लागत नव्हते. केवळ दातांना वाहिलेला पहिला महत्त्वाचा शरीररचनाग्रंथ बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन वैद्याने १५६३ साली प्रसिद्ध केला. बाहेरचा कठीण थर आणि आतला निराळा पदार्थ असा भेद त्याने केला. गर्भांचे विच्छेदन करून जबड्यात दुधाच्या आणि कायमच्या अशा दोन्ही दातांचे अंकुर आधीपासूनच असतात हे दाखवले. संस्कृताने दाताला 'द्विज' म्हटले आहे; त्या दुसऱ्या जन्माची पूर्वतयारी युस्टाकीने डोळ्यांनी पाहिली. जाता जाता सांगायचे तर, बत्तिसांपैकी वीसच दात खरे द्विज. मागच्या बारा दाढा एकदाच जन्मतात. या एकदाच जन्मणाऱ्या दाढांशी आपल्याला पुढे काम आहे.

शतकभराने डेल्फ्टच्या कापडव्यापाऱ्याने, आन्तोनी व्हान लेव्हनहूकने, स्वतः घासलेल्या भिंगातून दात पाहिला. दाताचा गाभा बारीक नळ्यांचा बनला आहे हे त्याचे निरीक्षण १६७८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापले. १६८३ मधले त्याचे पत्र अधिक प्रसिद्ध आहे. मिठाने दात घासण्याची त्याला सवय होती, तरी दाढांच्या फटींतला पांढरा मळ पाण्यात कालवून पाहिला तेव्हा त्यात जिवंत प्राणी वळवळताना दिसले. त्याच पत्रातला दुसरा प्रयोग तितकासा सांगितला जात नाही. त्याने व्हिनेगरने चूळ भरली आणि पुन्हा मळ काढून पाहिला, तर फटींतले प्राणी जिवंतच होते. तोच मळ बाहेर काढून व्हिनेगरात कालवला तेव्हा मात्र ते मेले. म्हणजे द्रव त्या थरात शिरत नव्हता. थर हाताने खरवडून काढल्यावाचून गत्यंतर नाही, हे हायजिनिस्टच्या व्यवसायाचे सारे समर्थन त्या एका चुळीत आहे. पण दाताच्या रचनेचे निरीक्षण आणि दातावरच्या मळाचे निरीक्षण ही दोन्ही एकाच माणसाची असूनही पुढे दोन निराळ्या वाटांनी गेली, आणि त्यांची पुन्हा गाठ पडायला तीनशे वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक सुधारले आणि दाताचे थर एकामागून एक उलगडत गेले. ब्रेस्लाऊच्या पुर्किन्येच्या प्रयोगशाळेत १८३५ च्या सुमारास मुळावरच्या सिमेंटमच्या थराचे वर्णन झाले. स्वीडनच्या रेट्झिअसने १८३७ साली दंतवल्कातल्या वाढीच्या रेषा दाखवल्या. आज विद्यार्थिनी पाठ करते ती आकडेवारी याच कामाची वारस आहे: दंतवल्क वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, दंतिन सुमारे ७०, सिमेंटम त्याहूनही कमी, जवळजवळ हाडासारखे. दंतवल्क हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, पण तो घडवणाऱ्या पेशी दात उगवताना नाहीशा होतात. त्यामुळे एकदा झिजलेले दंतवल्क शरीराला पुन्हा घडवता येत नाही.

१८९९ मध्ये शोके या फ्रेंच संशोधकाने एक लहानसा प्रश्न विचारला. माथ्यावरचे दंतवल्क आणि मुळावरचे सिमेंटम दाताच्या मानेपाशी भेटतात ते कसे? उत्तर असे निघाले की एकाच तऱ्हेने भेटत नाहीत. पाठ्यपुस्तके आज साधारण प्रमाण देतात ते असे: शंभरातल्या साठ-पासष्ट ठिकाणी सिमेंटम दंतवल्कावर किंचित चढलेले असते, तीसेक ठिकाणी दोहोंच्या कडा नेमक्या जुळतात, आणि पाच-दहा ठिकाणी दोघांमध्ये फट राहून खालचे दंतिन उघडे असते. त्या काळच्या दंतवैद्याच्या दृष्टीने ही निव्वळ प्रयोगशाळेतली कुतूहलाची बाब होती. पण कनेटिकटच्या कायद्याने आखलेली सीमा बहुतेक प्रौढ माणसांच्या तोंडात याच जागेच्या आसपास येते.

आणि मग ग्रीन वर्दिमन ब्लॅक. इलिनॉयमध्ये जन्मलेल्या या माणसाचे शालेय शिक्षण तुटपुंजे होते. पुढे तो नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंतमहाविद्यालयाचा अधिष्ठाता झाला. त्याचा मानवी दातांच्या वर्णनात्मक शरीररचनेवरचा ग्रंथ १८९० चा. त्यात त्याने प्रत्येक दाताच्या प्रत्येक बाजूला, कडेला, उंचवट्याला, खोबणीला नाव दिले किंवा असलेले नाव पक्के केले, आणि दात मोजले. लोकभाषेतली दातांची नावे दिसण्यावरून किंवा कामावरून पडलेली असतात. आपल्या मराठीत पाहा: पुढचे ते पटाशीचे दात, सुताराच्या पटाशीसारखे सपाट आणि धारदार, मग सुळे, मग उपदाढा आणि दाढा, शेवटी अक्कलदाढ, जिचा अकलेशी संबंध येण्याच्या वयाइतकाच. ही नावे नेमकी आणि सुंदर आहेत, पण ती सगळी माथ्याची नावे आहेत. मुळाला लोकभाषेत 'मूळ' यापलीकडे नाव नाही, कारण ते कोणी पाहत नाही. ब्लॅकच्या कोष्टकात वरचा सुळा सरासरी २६.५ मिलिमीटर लांब आहे, आणि त्यातला माथा साडेनऊ. ज्याला आपण सुळा म्हणतो तो सुळ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा.

ब्रिजपोर्ट हे कनेटिकटमधले कारखान्यांचे गाव. तेथला दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स हा दंतवैद्याचाच मुलगा. फिलाडेल्फियाचे डॉ. डी. डी. स्मिथ रोग्यांना ठरावीक अंतराने बोलावून प्रत्येक दात लाकडी काडी आणि प्युमिसच्या भुकटीने हाताने घासून काढत, आणि त्याने कीड व हिरड्यांचे आजार टळतात असे सांगत. फोन्सने ही पद्धत उचलली. तिची अडचण उघड होती: एका तोंडाला इतका वेळ लागे की दंतवैद्याला दुसरे काही करता येऊ नये. हे काम दुसऱ्या कोणी करावे ही कल्पना तेव्हा हवेत होती. सिनसिनाटीच्या डॉ. राइट यांनी १९०२ मध्ये तशी मागणी केली होती, आणि १९१० मध्ये त्याच गावच्या दंतमहाविद्यालयाने स्त्रियांचा एक वर्ग चालवलाही. पण ओहायोच्या दंतवैद्यांच्या विरोधामुळे तो प्रयत्न तिथेच विरला.

फोन्सने १९०६ मध्ये आपल्या दवाखान्यातली साहाय्यक आयरीन न्यूमन हिला हे काम शिकवले. ती त्याच्या नात्यातली होती. काढलेल्या दातांवर तिने हात बसवला आणि पुढच्या वर्षी ती रोग्यांचे दात साफ करू लागली. नंतर १७ नोव्हेंबर १९१३ रोजी दवाखान्याला लागून असलेल्या गाडीखान्यात फोन्सने वर्ग सुरू केला. विद्यार्थिनींत शिक्षिका होत्या, परिचारिका होत्या, दंतवैद्यांच्या बायका होत्या. जून १९१४ मध्ये त्यांतल्या सत्तावीस जणी उत्तीर्ण झाल्या. तीन वर्षांच्या तीन वर्गांत मिळून सत्त्याण्णव. 'डेंटल नर्स' हे नाव फोन्सला नको होते. नर्स म्हटले की आजार आला, आणि याला हवी होती आजार येऊ न देणारी व्यक्ती. म्हणून 'हायजिनिस्ट'.

गाडीखान्यातला हा वर्ग आम्हांला विलक्षण वाटतो तो त्याच्या अध्यापकवर्गामुळे. येल, हार्वर्ड, कोलंबिया, पेनसिल्व्हेनिया अशा विद्यापीठांतली माणसे फोन्सने व्याख्यानांना आणली. शरीररचना, शरीरक्रिया, जंतुशास्त्र, दातांचे आणि हिरड्यांचे रोग, आहार. ही व्याख्याने म्हणजेच १९१६ साली त्याने संपादित केलेल्या 'माऊथ हायजीन' या पाठ्यपुस्तकाचा गाभा. लाकडी काडीने दात घासायला येलचा प्राध्यापक कशाला हवा? त्या काळी अनेकांनी हाच प्रश्न निराळ्या सुरात विचारला. अर्धवट शिकलेली बाई उद्या दंतवैद्याच्या खुर्चीवर हक्क सांगेल, ही भीती त्या सुरामागे होती. कायद्यातले 'दुसरी कोणतीही क्रिया करू नये' हे शब्द त्या भीतीला दिलेले उत्तर आहे. फोन्सने हाताची मर्यादा मान्य केली. ज्ञानाची केली नाही. आमच्या मते त्याच्या साऱ्या कामातली ही सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट.

याचे एक कारण शाळांत होते. ब्रिजपोर्टच्या नगरशाळांनी १९१४ पासून या बायकांना कामावर घेतले. त्या मुलांचे दात साफ करत, ब्रश कसा फिरवायचा ते शिकवत, आईबापांशी बोलत. आणि स्वच्छ करण्यापेक्षा हे शिकवणेच हायजिनिस्टचे मोठे काम असे फोन्स मानत असे. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरात कोणाला ती आल्याचे कळत नाही; कळले तरी ती दुधाचीच समजली जाते, आणि 'पडणारच आहे' म्हणून तिच्यातल्या किडीकडे दुर्लक्ष होते. ती पडणार नसते. युस्टाकीनंतर साडेतीनशे वर्षांनी ही साधी गोष्ट घराघरांत पोचवायला कोणी तरी हवे होते, आणि ती पोचवणारीला दातांच्या जन्माचा क्रम नुसता पाठ नव्हे, समजलेला असावा लागत होता. शिवाय या दाढेच्या माथ्यावरच्या चिरा इतक्या अरुंद असू शकतात की ब्रशचा केसही त्यांच्या तळाशी पोचत नाही; हे ठाऊक नसलेली बाई 'नीट घासत नाहीस' म्हणून मुलालाच रागे भरली असती.

दुसरे कारण हिरडीच्या कडेखाली होते. येथे वाचकांनी थोडा धीर धरून वरच्या पहिल्या उपदाढेकडे पाहावे अशी विनंती आहे. या दाताला बहुधा दोन मुळे असतात. मध्यरेषेकडच्या, म्हणजे सुळ्याला लागून असलेल्या बाजूवर मानेपाशी एक खळगा असतो. तो माथ्यावर सुरू होऊन मान ओलांडतो आणि मुळावर उतरतो. हिरडी जागेवर असेल तर यातले जवळजवळ काहीच दिसत नाही. सरळ पात्याचे हत्यार या बाजूवर फिरवले की ते खळग्याच्या दोन काठांवर टेकते आणि पुलासारखे वरून निघून जाते. किटण खाली तसेच राहते. हत्यार फिरवणारीला हाताला गुळगुळीत लागते, ती पुढच्या दाताकडे वळते. कायद्याने तिला परवानगी दिलेली जागा हीच, कडेच्या 'लगेच खालची'. म्हणजे तिला जे करायची मुभा होती तेवढे करण्यासाठीदेखील, जे दिसत नाही आणि ज्याला हात लावायचा नाही त्याची आकृती तिच्या डोक्यात असणे भाग होते.

याच्या उलट फसगत शोकेच्या सांध्यापाशी होते. किटण चाचपण्याची बारीक टोकाची सळई, जिला एक्सप्लोरर म्हणतात, ती मुळावरून माथ्याकडे आणताना मानेपाशी अडखळते. सिमेंटम दंतवल्कावर चढलेले असले की तेथे एक बारीक पायरी असते. नवशिकी तिला किटण समजून खरवडू लागते. ते निघत नाही, म्हणून जोर लावते. ती खरवडत असते तो दातच.

म्हणूनच दाताची आकृती पुस्तकातून डोळ्यांनी आणि डोळ्यांतून बोटांत उतरवायची कशी, हा या विषयाच्या अध्यापनातला कायमचा प्रश्न राहिला. मेणाच्या किंवा प्लास्टरच्या ठोकळ्यातून दात कोरणे हा त्यावरचा जुना उपाय. रसेल व्हीलर यांचे १९४० साली निघालेले दंतशरीररचनेचे पाठ्यपुस्तक नव्या आवृत्त्यांतून आजही वापरात आहे, आणि व्हीलर स्वतः कोरण्याच्या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते होते. आपल्याकडे दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या खोलीत जमिनीवर मेणाचे कपचे पडलेले असतात ते याच परंपरेतले. उपदाढेचा तो खळगा जिने स्वतः मेणात कोरला, तिचे पाते तेथे आपोआप कलते, असा यामागचा विश्वास.

कधी हत्यारच शरीररचना शिकले. मिशिगन विद्यापीठाशी संबंधित डॉ. क्लेटन ग्रेसी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ह्यू-फ्रीडी या हत्यारे बनवणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने, क्युरेटांचा एक संच तयार केला. एकच पाते सर्वत्र चालवण्याऐवजी पुढच्या दातांसाठी एक, दाढांच्या गालाकडच्या बाजूसाठी दुसरे, पुढच्या बाजूसाठी तिसरे, मागच्या बाजूसाठी चौथे. आणि प्रत्येकाचा दांडा त्या त्या बाजूपर्यंत पोचेल असा वाकवलेला. ग्रेसीचा संच टेबलावर ओळीने मांडला की ब्लॅकच्या ग्रंथाची अनुक्रमणिका पोलादात ओतल्यासारखी दिसते. ज्याला दाताच्या बाजू ठाऊक नाहीत त्याच्या हाती तो संच निरुपयोगी आहे. कोणते पाते कुठले हेच त्याला ठरवता येणार नाही.

रचनेच्या ज्ञानाने नेहमी हात सुधारलाच असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हायजिनिस्टचे काम बऱ्याच ठिकाणी कडेखाली खोलवर गेले होते आणि मुळे साफ करणे हा तिच्या शिक्षणाचा मोठा भाग झाला होता. १९७० च्या दशकात असे दिसून आले की हिरडीच्या आजारात उघड्या पडलेल्या मुळांच्या पृष्ठभागात पेशींना घातक द्रव्ये असतात. जंतूंचे विष सिमेंटममध्ये मुरलेले आहे असा त्याचा अर्थ लावला गेला. मग उपाय ठरल्यासारखाच होता: सिमेंटमच काढून टाका. मूळ काचेसारखे गुळगुळीत लागेपर्यंत खरवडणे ही उत्तम हाताची खूण ठरली, आणि विद्यार्थिनींच्या परीक्षा त्या गुळगुळीतपणावर होऊ लागल्या.

आता रचनेचे आकडे पाहावेत. मानेजवळ सिमेंटमचा थर मिलिमीटरच्या काही शतांशांइतका, केसाहूनही पातळ असतो. हिरडी आणि हाड यांना दाताशी बांधणारे तंतू त्याच्यातच रुतलेले असतात. तो गेला की खाली लेव्हनहूकच्या नळ्या उघड्या; चौरस मिलिमीटरला हजारोंनी, आणि आतल्या जिवंत मज्जेपर्यंत पोचणाऱ्या. त्या नळ्यांतल्या द्रवाची हालचाल म्हणजेच थंड पाण्याने दातात उठणारी कळ, असे स्वीडनच्या ब्रेनस्ट्रॉमने १९६० च्या दशकात दाखवून दिले होते. म्हणजे आवश्यक ती सारी माहिती त्याच अभ्यासक्रमात, बहुधा त्याच पुस्तकाच्या दोन प्रकरणांत होती. तरी वर्षानुवर्षे कर्तव्यबुद्धीने मुळे तासली गेली, आणि खुर्चीतून उठलेल्या माणसाला थंड पाणी सोसेनासे झाले की 'काही दिवस होणारच' असे सांगितले गेले.

१९८६ साली मूर, विल्सन आणि कीझर या ब्रिटिश संशोधकांनी रोगट दात काढून त्यांवरचे जंतुविष कोठे किती आहे ते मोजले. नुसत्या पाण्याने हळुवार धुतल्यावर ३९ टक्के निघून गेले. मिनिटभर ब्रशने घासल्यावर आणखी ६० टक्के. मुळात मुरलेले असे जवळजवळ काही नव्हतेच. ते वर चिकटलेले होते. काचेसारख्या मुळाचा आदर्श त्यानंतर हळूहळू उतरणीला लागला, आणि सिमेंटम शक्य तेवढे राखावे अशी शिकवण आली. लेव्हनहूकचा मळ आणि लेव्हनहूकच्या नळ्या यांची ही गाठ म्हणायची. मात्र तोवर ज्यांची मुळे तासली गेली त्यांचा हिशेब कोणत्याही कोष्टकात नाही.

या प्रकरणात हायजिनिस्टचा दोष किती? आमच्या मते फारसा नाही. तिला रचना शिकवली होती, पण रचनेवरून प्रश्न विचारण्याचा अधिकार दिलेला नव्हता. किती खोल खरवडायचे हे वरून ठरत होते. १९१५ च्या कलमाने हाताला घातलेली सीमा इथे मनाला पडली होती, आणि फोन्सने गाडीखान्यात नेमके हेच टाळायचा प्रयत्न केला होता. काही राज्यांत पुढे हायजिनिस्टला भूल देण्याचा, काही ठिकाणी दंतवैद्याच्या प्रत्यक्ष देखरेखीविना काम करण्याचाही अधिकार मिळाला. प्रत्येक वेळी वादात दोन्ही बाजूंनी शरीररचनेचाच दाखला दिला गेला. एका बाजूने 'तिला एवढे येत नाही', दुसऱ्या बाजूने 'अभ्यासक्रम पाहा'.

आपल्याकडे हा व्यवसाय कायद्याच्या पुस्तकात आधी आला. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमात हायजिनिस्टची व्याख्या आहे: दंतवैद्य किंवा वैद्यकीय व्यावसायिक नसलेली, दात खरवडणारी, स्वच्छ करणारी किंवा त्यांना झिलई देणारी, अथवा दंतस्वच्छतेचे शिक्षण देणारी व्यक्ती. कनेटिकटमधला 'स्त्री' हा शब्द इथे नाही, आणि हिरडीच्या कडेचा उल्लेखही नाही. चतुःसीमा न लिहिलेले हे खरेदीखत आहे. फोन्सच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असलेले शिकवण्याचे काम मात्र व्याख्येतच आहे, ही आम्हांला समाधानाची बाब वाटते. मिश्री आणि तंबाखूने ज्या तोंडांची कड कधीच ओसरली आहे अशी तोंडे आपल्याकडे अनेक आहेत. तेथे 'उघडा पृष्ठभाग' म्हणजे बव्हंशी मूळच.

अशा तोंडात काम करू लागलेल्या विद्यार्थिनीला लवकरच बेचके भेटते. खालच्या दाढेला दोन मुळे, वरच्या दाढेला तीन. झाडाच्या फांद्या फुटाव्यात तशी ती माथ्याखाली तीन-चार मिलिमीटरवर फुटतात, आणि हिरडी तेवढी खाली गेली की त्यांच्यामधली ती अरुंद वाट उघडी पडते. १९७९ साली बोवर या संशोधकाने दाढांच्या बेचक्यांची तोंडे मोजली. शंभरातल्या एक्क्याऐंशींचे तोंड एक मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद निघाले, अठ्ठावन्नांचे पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त नव्हते. आणि बाजारातल्या क्युरेटांची पाती ०.७५ ते १.१० मिलिमीटरच्या दरम्यान रुंद होती. तिच्या हातातले पाते त्या दारातून आत जाणारच नसते. हे ठाऊक असलेली विद्यार्थिनी क्युरेट खाली ठेवते, बारीक टोकाचे दुसरे हत्यार उचलते, आणि रोग्याला घरी फटीत फिरवायचा लहान ब्रश कसा धरायचा ते आरशात दाखवू लागते.